धाब्याच्या घरातला रेडिओ

अकोल्यात रेडिओ दुरुस्तीत माझी हयात गेली, म्हणून ठामपणे सांगतो: ऐकण्यासाठी आमची वऱ्हाडातली जुनी धाब्याची घरंच उत्तम. नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली, विविध भारती १९५७ साली. तेव्हा व्हॉल्व्हचा लाकडी रेडिओ बहुधा कोनाड्यात असे. कोनाड्यामुळे लहान स्पीकरच्या खर्जाला आधार मिळे. शेणामातीनं सारवलेल्या ओबडधोबड भिंती, वर सागाची नाटं, खाली कापसाच्या गाद्या आणि लोड. कापूस तर आमच्या घरचाच! तो चिरका आवाज पिऊन टाकी. तुकडोजी महाराजांच्या भजनातल्या खंजिरीची झांज न् झांज वेगळी ऐकू येई.

मग स्लॅब आले, गुळगुळीत गिलावा आला, चकचकीत फरशी आली. आवाज भिंतीभिंतींवर आपटू लागला. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असलं की ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज घुमतो. स्पीकर कोपऱ्यात असेल तर जास्तच. गिऱ्हाईक म्हणे, ‘भाऊ, मशीन बिघडली.’ मशीन ठणठणीत असे, बिघडलेली असे ती खोली.

नवा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याआधी स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढा आणि समोरच्या भिंतीवर आजीची जाड गोधडी टांगून बघा.