तिसरा कोन आणि मधली वर्षे

शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तक-देवघेवीची वही मुख्याध्यापकाने अधूनमधून चाळावी. परीक्षेच्या निकालात जे दिसत नाही, ते तिथे दिसते. नववी-दहावीतली मुले कुठली पुस्तके पुन्हापुन्हा नेतात हे मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे. शिकारकथा, भूतकथा, शिवचरित्र यांना मागणी असतेच. पण मुखपृष्ठाला पाठ्यपुस्तकाचे वेष्टन चढवून जी कादंबरी हातोहात फिरते, तिच्यात बहुधा एक नायिका व दोन नायक, नाहीतर एक नायक व दोन नायिका असतात. भूमितीच्या तासाला ज्यांना त्रिकोण नकोसा होतो, त्यांना कादंबरीतला त्रिकोण एवढा का आवडतो, हा प्रश्न शिक्षकाने हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर मला इतिहासात सापडले, ते वाचकांपुढे ठेवतो.

हे वेड आजचे नाही आणि केवळ आपल्याकडचेही नाही. १७७४ साली जर्मन कवी गटे याने, वयाच्या पंचविशीत, वेर्थर नावाच्या तरुणाची कथा पत्ररूपाने लिहिली. वेर्थरचे लोटे नावाच्या मुलीवर प्रेम आणि तिचा विवाह आल्बेर्टशी ठरलेला, एवढेच कथानक. पण युरोपातले तरुण वेर्थरसारखा निळा कोट आणि पिवळे जाकीट घालून हिंडू लागले. वेर्थर अखेरीस आत्महत्या करतो, म्हणून पुढच्याच वर्षी लाइपझिग शहराने पुस्तकावर आणि त्या पोशाखावरही बंदी घातली. अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर अमेरिकेत स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ ही कादंबरी २००५ मध्ये आली. बेला ही शाळकरी मुलगी, एका बाजूला रक्तपिपासू कुळातला एडवर्ड आणि दुसऱ्या बाजूला लांडग्याचे रूप घेणारा जेकब. चार भागांची ही मालिका वाचून मुलींमध्ये एडवर्डचा पक्ष आणि जेकबचा पक्ष असे दोन तट पडले. २००८ मध्ये सुरू झालेल्या सुझन कॉलिन्स यांच्या ‘हंगर गेम्स’ या मालिकेतही कॅटनिससमोर पीटा आणि गेल असे दोघे आहेत. माझ्या मुलीने ही पुस्तके इंग्रजीतून वाचली, तेव्हा आठवडाभर आमच्या घरी जेवणाच्या पानावर हीच चर्चा होती.

आता आपल्याकडे वळू. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली लिहिणारे बाबा पदमनजी बेळगावात जन्मलेले. ती कथा विधवांच्या स्थितीवरची. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षांत कोण घेतो?’ लिहिली, तिच्यातली यमू आपली कर्मकहाणी स्वतः सांगते. या दोन्ही पुस्तकांत दुःख आहे, अन्याय आहे. पण कोणत्या दोघांतून कोणाला वरावे हा प्रश्न नाही. तो असणार तरी कसा? माझ्या आजीचे लग्न अकराव्या वर्षी झाले. नवरा कसा दिसतो हे तिने अंतरपाट दूर झाल्यावर पाहिले. निवड करण्याचे वय येण्याआधीच निवड होऊन गेलेली असे.

या काळातला एक सुंदर अपवाद म्हणजे १८८२ सालचे ‘संगीत सौभद्र’. त्याचे कर्ते अण्णासाहेब किर्लोस्करही आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. सुभद्रेचे मन अर्जुनावर, बलरामदादाने तिला देऊ केलेली दुर्योधनाला. त्रिकोण आहे, परंतु तिसरा कोन नावापुरता. दुर्योधनाचा मोह सुभद्रेला क्षणभरही पडत नाही. खरी ओढाताण आहे ती थोरला भाऊ आणि बहीण यांच्यात, आणि ती सोडवतो श्रीकृष्ण. घरातली माणसे दुखावता सुभद्रेचे मन राखले जावे, ही प्रेक्षकांची इच्छा देवाच्या हातून पुरी झाली. हे नाटक पिढ्यान्‌पिढ्या का टिकले, याचे एक कारण गाणी. दुसरे, माझ्या मते, हे.

मग पुढच्या पन्नास वर्षांत बदलले काय? मुलींच्या लग्नाचे वय. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्येच बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला. ब्रिटिश हद्दीत १९२९ चा शारदा कायदा १९३० च्या एप्रिलपासून लागू झाला आणि मुलीचे किमान वय १४, मुलाचे १८ ठरले. कायदा कागदावर राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत. पण शहरांतल्या शिकलेल्या घरांत मुली हायस्कुलात आणि काही थोड्या कॉलेजात जाऊ लागल्या. बालपण संपले आहे आणि लग्न झालेले नाही, अशी काही मोकळी वर्षे प्रथमच तयार झाली. कादंबरीतल्या त्रिकोणाला उभे राहायला जागा मिळाली ती या मधल्या वर्षांत.

ना. सी. फडके १९२६ पासून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांच्या ‘जादूगार’, ‘दौलत’ या कादंबऱ्या त्याच सुमारास आल्या, आणि कॉलेज, सहली, गैरसमज व प्रीती यांची चटक मराठी तरुणाला लागली. गोव्याच्या सीमेवरच्या शिरोड्यात त्याच काळी वि. स. खांडेकर शाळामास्तर होते. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे त्यांनी तिथे काढली. त्यांनी त्रिकोणाला वेगळे वळण दिले. १९४२ च्या ‘क्रौंचवधा’त सुलूच्या एका बाजूला डॉक्टर नवरा, दुसऱ्या बाजूला ध्येयवेडा दिलीप. हे नुसते दोन पुरुष नव्हेत. एक सुरक्षित संसार आहे, दुसरा स्वातंत्र्याच्या चळवळीचे बोलावणे आहे. माझी आई सांगे, की गावच्या वाचनालयात खांडेकरांच्या पुस्तकासाठी मैत्रिणींचे नंबर लागत, आणि पुस्तक परत करताना ‘मी तिच्या जागी असते तर’ यावर घाटावर कपडे धुतानाही वाद चाले.

आईच्या त्या वाक्यात मला या आकर्षणाचे मर्म दिसते. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलाला कोणी काही विचारत नाही. शाखा कोणती घ्यावी, कुठल्या गावी शिकावे, हे मोठ्यांनी ठरवलेले असते. कादंबरीत मात्र दोन माणसे तिच्या उत्तरासाठी खोळंबून उभी असतात आणि प्रत्येकाच्या हातात एकेक वेगळे आयुष्य असते. वाचणारी मुलगी आधी ‘आपण कोण होणार’ हे निवडत असते. ‘कोणाला वरणार’ हा प्रश्न त्याच्या पोटात येतो. निवडीचा सराव करायला याहून बिनधोक जागा तिला दुसरी मिळत नाही.

तथापि या कादंबऱ्यांची एक खोडही सांगितली पाहिजे. निवडीची वेळ आली, की बरेच लेखक अंग काढून घेतात. आपल्याकडे तिसऱ्याला क्षय होई, तो देशासाठी तुरुंगात जाई, नाहीतर अखेरच्या प्रकरणात ताई म्हणून हाक मारी. पाश्चात्त्यही यात मागे नाहीत. ‘ट्वायलाइट’मध्ये जेकबचा जीव शेवटी बेलाच्या मुलीत गुंतवला आहे, आणि ‘हंगर गेम्स’मध्ये कॅटनिसच्या बहिणीचा जीव घेणाऱ्या बॉम्बची सावली गेलवर पाडून त्याला दूर केले आहे. नायिकेला कोणाला सरळ ‘नाही’ म्हणावे लागत नाही. खऱ्या आयुष्यात ते म्हणावे लागते, आणि नेमके तेच या पुस्तकांतून शिकायचे राहते.

म्हणूनच मला ‘ययाति’ मोलाची वाटते. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ ची. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघेही आपापली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगतात. त्यामुळे तिसरा कोन कोणता हेच ठरवता येत नाही. ज्याच्या जागी उभे राहावे त्याला आपणच दुखावलो गेलो असे वाटते. दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने गिरीश कार्नाडांचे ‘ययाति’ हे कन्नड नाटक प्रसिद्ध केले. कथा तीच, पण कार्नाडांनी पुरूची नवी नवरी चित्रलेखा तिच्यात आणली. नवऱ्याने बापाचे वार्धक्य घेतले, तेव्हा तिला कोणी विचारले होते? ती सासऱ्याला जाब विचारते आणि विष घेते. एकाच पुराणकथेतून मराठीने आणि कन्नडने दोन वेगळे प्रश्न काढले, हे आपल्यासारख्या दुभाषी जिल्ह्यातल्या मुलांना दोन्ही भाषांतून वाचता येते. हे भाग्य पुण्या-मुंबईच्या किती मुलांना आहे?

पुढे सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’त श्रेयस, शिरीन आणि मीनू आले, २०१३ साली त्यावर चित्रपट निघाला आणि पुस्तकाला पुन्हा नवे वाचक मिळाले. म्हणजे त्रिकोणाची सद्दी संपलेली नाही. परंतु आपल्या भागातल्या मुलांच्या खऱ्या आयुष्यातला त्रिकोण कित्येकदा निराळा असतो. तिथे एक ती, एक तो आणि तिसरे घर. त्या घराला जात असते, भाषा असते, भाऊबंद असतात. मुलीच्या लग्नाचे वय १९७८ पासून अठरा आहे, तरी दहावीला उत्तम गुण मिळवलेली एखादी मुलगी अकरावीच्या वर्गात दिसत नाही. चौकशी केली तर ‘स्थळ चांगलं होतं, सर’ एवढेच ऐकू येते. आजीला न मिळालेली, आईला थोडी मिळालेली मधली वर्षे तिच्या हातून पुन्हा काढून घेतलेली असतात.

पालकांना माझे सांगणे एवढेच, की वेष्टनाखाली लपवलेली कादंबरी सापडली तर ती हिसकावू नका. वाचून झाल्यावर विचारा, ‘तू कोणाला निवडलं असतंस? का?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शांतपणे ऐका. देवयानीला असे कोणी विचारले नाही. विहिरीतून वर काढताना हात धरला, एवढ्या आधारावर तिने आयुष्याचा जोडीदार ठरवला, आणि तिच्या बापाने मुलीचा हट्ट पुरवण्यात धन्यता मानली. पुढचे महाभारत सर्वांना माहीत आहे.