हंगामाची शहरे

ऋतू खेड्यात नांदतात आणि शहरात फक्त पारा वर-खाली होतो, ही समजूत मराठी ललित लेखनात खोल रुजलेली आहे. मुंबईपुरती ती कदाचित खरी असेल. तिथे कापड गिरणीचा भोंगा बाराही महिने त्याच वेळी होत असे. वऱ्हाडातल्या अमरावती आणि अकोला या शहरांना मात्र ती लागू पडत नाही. ही शहरे एका पिकाच्या हंगामावर वाढली. वर्षातले काही महिने ती पैशाने, माणसांनी आणि बैलगाड्यांनी भरून जात आणि पुढचे काही महिने ओसरत. त्यामुळे इथल्या नागरिकाला ऋतू अंगाइतकाच खिशालाही जाणवत आला, आणि त्या भरती-ओहोटीमध्ये मोकळ्या राहिलेल्या जागांत त्याने आपले सण, खाणे, व्यायाम आणि भटकंती बसवली. वऱ्हाडी शहराची ऋतूंची हौस म्हणजे गावाकडून बांधून आणलेली शिदोरी, असे मानण्याची पद्धत आहे. माझ्या मते ती हौस बरीचशी शहरातच, गेल्या दीडशे वर्षांत घडली.

सुरुवात रेल्वेच्या आधीपासून करावी लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांच्या धास्तीने अमरावतीभोवती दगडी परकोट उभा राहिला. जवाहर गेट, अंबागेट, नागपुरी गेट ही नावे आज रिक्षावाल्याला सांगायच्या पत्त्यांत उरली असली, तरी तो परकोट राखत होता तो मुख्यतः व्यापाऱ्यांचा माल. कापूस तेव्हाही होता. १८४२ साली एकट्या एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादलेला कापूस कलकत्त्याच्या दिशेने रवाना केल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. पण ही सगळी वाहतूक कोरड्या महिन्यांतच शक्य होती. वऱ्हाडची काळी जमीन भिजली की चाक आसापर्यंत रुतते, म्हणून मिरुग लागला की व्यापार थांबे आणि पेठ स्वतःपुरती उरे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले, १८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोहोचली. बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला. खामगावचा फाटा १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. रेल्वेला चिखलाचे भय नव्हते, तेव्हा तिने शहराला ऋतूंच्या कचाट्यातून सोडवले असेल असे वाटते. घडले उलटेच. गाडी बारमाही झाली, पण कापूस पिकायचा तेव्हाच पिकत राहिला, आणि आता त्याच्या चार-पाच महिन्यांत कितीतरी अधिक माणसे, यंत्रे आणि रोकड एकवटू लागली.

याचा सर्वांत भक्कम पुरावा कायद्यात सापडतो. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने कारखान्यांचे दोन वर्ग केले, बारमाही आणि हंगामी. हंगामी कारखान्यांच्या यादीत कापसाची जिनिंग आणि प्रेसिंग ठळकपणे होती. बारमाही कारखान्यात प्रौढ कामगाराला दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा, तर हंगामी कारखान्यात ११ आणि ६० तासांची. सरकी काढणारी जिनिंग आणि गाठी बांधणारी प्रेस यांवर ज्या शहरांची मिळकत चालत होती, त्यांचे वर्ष दोन असमान भागांत विभागलेले आहे हे सरकारनेच मान्य केले होते. बाजाराचे नियमही इथलेच. १८८६ मध्ये कारंजा इथे कापसाचा बाजार नियमांखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. देशात असा कायदा आधी नव्हता. दसऱ्याच्या मुहूर्तापासून होळीपर्यंत गाड्यांच्या रांगा, अडते, मापारी, दलाल, जिनात सरकी निवडणाऱ्या बाया, हवेत तरंगणारे कापसाचे तंतू, आणि या सर्वांच्या हाती खेळणारा पैसा. नाटक कंपन्या वऱ्हाडचा दौरा याच दिवसांत आखत, कारण तिकिटाचे पैसे मोजणारा माणूस तेव्हाच शहरात असे. १८९७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीत भरले. अध्यक्ष सी. शंकरन नायर होते आणि स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. अधिवेशने नाताळात भरत, म्हणून महिना ठरलेलाच होता. पण ऐन हंगामात गजबजलेले, रेल्वेने जोडलेले शहर एवढा पाहुणचार पेलू शकले, यात कापसाचा वाटा नाकारता येणार नाही.

हिवाळ्याची वऱ्हाडी मौज या पार्श्वभूमीवर पाहावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वरूड-मोर्शीकडून आंबिया बहराची संत्री उतरू लागतात, त्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला लागतात, आणि तो बहर सरतो न सरतो तोच फेब्रुवारी-मार्चात मृग बहर येतो. म्हणजे थंडीच्या दोन्ही टोकांना संत्री आहेत आणि मध्ये ज्वारीचा हुरडा. रोडगे आणि वांग्याची भाजी शेतात गोवऱ्यांवर करण्याचा बेत आखणारे बहुतेक लोक शेतावर राहत नाहीत. ते शहरातून डबे-पिशव्या घेऊन कुणाच्या तरी वावरात जातात. डिसेंबरात चांदूर बाजार तालुक्यात बहिरमची यात्रा सुरू होते आणि महिनाभर चालते. तिथल्या हंडीतल्या मटणाची आणि रोडग्यांची कीर्ती वाढवली ती अमरावती-परतवाड्याहून राहुट्यांत मुक्कामाला जाणाऱ्यांनी. कापसाचे पैसे हातात, हवा कोरडी, रस्ते चालू आणि नवे धान्य आलेले. या चार गोष्टी एकाच वेळी जुळतात म्हणून वऱ्हाडी माणूस हिवाळा एवढा मनापासून जगतो.

उन्हाळ्याविषयी कुणीही शंका घेईल. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणे नवलाचे नाही. त्यात आनंद कसला? त्रास खरा आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. उन्हात राबणाऱ्याला उष्माघात होतो, आणि पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. तरीही याच महिन्यांत शहराला एक वेगळी मोकळीक मिळे. जिनिंगची चाके थांबलेली, शाळा बंद, कोर्टाला सुटी. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी अमरावतीत स्थापलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे उन्हाळी वर्ग या मोकळिकीवरच बेतलेले होते. देशाच्या निरनिराळ्या भागांतून तरुण व्यायामशिक्षणासाठी ऐन उन्हाळ्यात, सर्वांत तापणाऱ्या गावांपैकी एकात येत, हे थांबून विचार करण्यासारखे आहे. पहाटे आणि संध्याकाळी मैदान, दुपारी सावली, असे दिवसाचे वेळापत्रकच उलटे लावले की उन्हाळा वापरता येतो, हे त्या संस्थेने दाखवले. मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून आले. घरोघरही तेच उलटे वेळापत्रक चाले. सकाळी गच्चीवर कुरड्या-सरगुंड्यांचे वाळवण, भर दुपारी खसाच्या ताट्यांआड आणि पुढे वुडवूलच्या कूलरसमोर पडून राहणे, आणि दिवे लागल्यावर पुन्हा बाजार, गप्पा, रात्री शिंपडलेल्या अंगणात किंवा गच्चीवर अंथरूण. चिखलदऱ्याचे उदाहरण तर फारच बोलके आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी ते एप्रिल-मेमध्ये उकाड्यापासून पळण्यासाठी वसवले. आज तिथे खरी झुंबड उडते ती जुलै-ऑगस्टात, धुके आणि धबधबे पाहायला. साहेबांचे ठिकाण वऱ्हाडी लोकांनी ठेवले, ऋतू मात्र आपल्या आवडीने बदलून घेतला.

पावसाळ्यात माझे म्हणणे सर्वांत कसाला लागते, कारण पावसाळा तर शेतकऱ्याचा. पण अकोल्याची कावड पाहा. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी शहराचे ग्रामदैवत राजराजेश्वर याला पूर्णेच्या पाण्याचा अभिषेक होतो. आदल्या दिवशी शहरातली मंडळे सुमारे १८ किलोमीटरवरच्या गांधीग्रामला जातात, पाण्याची भरणी बांधलेल्या प्रचंड कावडी खांद्यावर घेतात आणि रात्रभर अनवाणी चालत परततात. ही प्रथा १९४४ च्या अवर्षणात सुरू झाली असे अकोल्यात सांगतात. तेव्हा तिला शंभर वर्षेही झालेली नाहीत. तिचा सगळा सांगाडा शहरी आहे. गल्लीगल्लीतली मंडळे, एकमेकांत चढाओढ, वर्गणी, वाजंत्री, ठरलेला मार्ग आणि स्वागताला रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिलेले शहर. पावसाची काळजी शेतकऱ्याइतकीच आपलीही आहे, हे दुकानदार, हमाल आणि कारकून यांच्या पोरांनी अठरा किलोमीटर चालून सांगावे, असा दुसरा सोहळा महाराष्ट्रात मला माहीत नाही. तान्हा पोळाही याच जातीचा. नागपूरच्या भोसल्यांकडे त्याचे मूळ सांगितले जाते. ज्यांच्या दारी बैल नाही त्यांच्या मुलांनी लाकडी बैल सजवून मिरवायचा, म्हणजे हा सण बैल नसलेल्या घरांसाठीच आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणत, झाकलेली खिरापत ओळखायला लावत मुली घरोघर फिरत, त्यासाठी घरे एकमेकांना लागून असावी लागतात. वाडे आणि चाळी त्याला फार सोयीच्या ठरल्या.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पोळा, भुलाबाई, हुरडा यांचे बीज खेड्यातलेच आहे. बीज तिथले आहे, हे मान्य. पण एखादी प्रथा कुठून आली यापेक्षा ती कुणी, कशाच्या जोरावर चालवली हे इतिहासात अधिक महत्त्वाचे असते. खेड्यात पोळ्याला राबणाऱ्या बैलाचे ऋण फेडले जाते. शहरात ते ऋण फेडायचे नाही, तरी माणसे सण सोडत नाहीत आणि त्यासाठी नवे रूप शोधतात. ही निवड असते, आणि निवड करणाऱ्याला तिचे श्रेय द्यायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही मौज कुणाची होती? अडत्याची, वकिलाची, जिनमालकाची. जिनात दिवसाला ११ तास उभ्या राहणाऱ्या बाईला हिवाळा कोणता दिसला असेल? १८९९-१९०० च्या दुष्काळात ज्यांनी सरकारी कामांवर खडी फोडली, त्यांना ऋतू म्हणजे काय वाटले असेल? आणि अमरावतीच्या वर्षातला सर्वांत मोठा उत्सव म्हणजे अंबादेवीचे नवरात्र, त्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांना बंद होते. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि तरीही तो माझ्या मुद्द्याला बळकटीच देतो. १९२७ मध्ये अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी अमरावतीत चळवळ उभी राहिली, पंजाबराव देशमुख तिच्या पाठीशी होते, आणि त्याच नोव्हेंबरात तिथे भरलेल्या वऱ्हाडच्या अस्पृश्य परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषवले. शहराचा उत्सव ही साऱ्या शहराची मालमत्ता आहे असे वाटल्याशिवाय तिच्यातला वाटा कुणी मागत नाही. देवीचे दार उघडा ही मागणी धर्माची होती, समतेची होती आणि नागरिकत्वाचीही होती. वऱ्हाडातल्या शहरी ऋतूंचा इतिहास लिहिताना अडत्यांच्या मेजवान्यांइतकीच जागा या मागणीला द्यावी लागते. खरे तर अधिक.

तिसरा आक्षेप आजचा आहे. १९७२ मध्ये राज्याची कापूस एकाधिकार खरेदी आली, चुकाऱ्याची वाट पाहण्यात हंगाम लांबत गेले, पुढे ती योजनाही संपली. नव्वदीनंतर सोयाबीनने वावरे व्यापली, ज्वारी मागे हटली आणि हुरडा दुर्मीळ झाला. शहरांचा पगार आता शाळा, विद्यापीठे, सरकारी कचेऱ्या आणि दवाखान्यांतून येतो, तो बाराही महिने सारखा. मग कापसाने घडवलेले ऋतू टिकतील कशाने? खरे तर, कापूस हाच एकमेव आधार असता तर ते केव्हाच विरले असते. पण कावडींची उंची वाढते आहे, बहिरमला राहुट्या लागतात, गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत अकोल्याचा बाराभाई गणपती आजही मानाने पुढे असतो, आणि शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना अकोल्यात मुक्कामाला आली की सारे शहर तिच्या वाटेवर उतरते. पिकाने लावलेली सवय पीक मागे पडल्यावरही चालू आहे, कारण ती तोवर मंडळांच्या, गल्ल्यांच्या आणि घरांच्या हाती गेली होती.

धोका दुसरीकडे आहे. या प्रत्येक प्रथेला उघडी, सार्वजनिक जागा लागते आणि त्या जागाच आक्रसत आहेत. पाणीपुरवठ्यासाठी बांधलेले अमरावतीचे वडाळी आणि छत्री तलाव पावसाळ्यात शहराचे फिरायला जायचे ठिकाण झाले, ते केवळ त्यांच्या काठाशी सगळ्यांना फुकट जाता येत होते म्हणून. अकोल्यात मोर्णा नदी जुने शहर आणि ताजनापेठ यांच्या मधून वाहते. १३ जानेवारी २०१८ च्या शनिवारी हजारो अकोलेकर तिच्यातली जलकुंभी उपसायला पात्रात उतरले आणि पुढच्या शनिवारीही येत राहिले. सांडपाणी आत येत राहिले की जलकुंभी पुन्हा वाढते, त्यामुळे एका हिवाळ्याच्या श्रमदानाने नदी सुधारत नाही. मात्र पाणी उतरलेले, हवा थंड आणि हात मोकळे असे जानेवारीचे दिवस या कामासाठी अकोल्याने स्वतःहून निवडले होते. महापालिकेने सांडपाण्याचे नाले वळवण्याचे काम पुरे करावे आणि दर जानेवारीतले चार शनिवार मोर्णेसाठी राखून ठेवावेत. माणसे येतील, याचा पुरावा अकोल्याने दिलेला आहे.