मरळीसाठी उथळ पाण्यातील कृत्रिम आमिष

वनस्पतींनी भरलेल्या उथळ, गोड्या पाण्यात मरळ गळाला लावण्यासाठी वापरली जाणारी रबर, प्लॅस्टिक, लाकूड किंवा पत्र्याची नकली भक्ष्ये. यांतली बरीचशी उत्तर अमेरिकेतील बास माशासाठी घडली. भारतात ती मरळीला लागू पडली, कारण हे दोन्ही मासे काठालगत दबा धरून बसतात आणि वरून सरकणाऱ्या सावजावर झेप घेतात.

हिंगोली जिल्ह्यात पैनगंगेवरील इसापूर आणि पूर्णेवरील सिद्धेश्वर हे मोठे जलाशय, कयाधूचे डोह आणि गावोगावचे पाझर तलाव आहेत. जलाशयांत सोडले जाणारे रोहू, कटला, मृगळ सहसा कणकेच्या गोळ्यावर येतात. पळत्या आमिषामागे ते लागत नाहीत. मरळ शोधायची ती कडेला, बेशरमीच्या बुडालेल्या झुडपांत, पाणकणसाच्या बेटांत, शेवाळाच्या थराखाली. हिला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेणारे इंद्रिय असते, त्यामुळे अधूनमधून वर यावेच लागते. तेव्हा हलणारे शेवाळ आणि फुटणारे पाणी ही सर्वांत भरवशाची खूण. ती दिसेपर्यंत आमिष फेकण्याची घाई करू नये.

अशा जागी पोकळ रबरी बेडकाला तोड नाही. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो शेवाळावरून न अडकता घसरतो. मरळीने तोंडात दाबला की रबर चेपते आणि गळांची टोके उघडी पडतात. बेडूक खुणेच्या थोडा पलीकडे टाकावा, लहान झटक्यांनी आणावा आणि शेवाळातल्या मोकळ्या खिडकीत क्षणभर थांबवावा. बहुतेक झेपा तिथेच पडतात. पाणी उसळताच ओढणे ही नवख्यांची नेहमीची चूक. दोरीला मरळीचे वजन लागू द्यावे, मग जोरात ओढावे, कारण तिचा जबडा हाडाचा आहे. साधा तंगूस ताणला जातो आणि झटका वाया जातो. म्हणून सुमारे ४० पौंडांची विणलेली दोरी आणि ताठ काठी बरी.

मोकळ्या, नितळ पाण्यात पत्र्याचा चमचा किंवा फिरत्या पात्याचे आमिष चालते, झुडपांत मात्र ते अडकून बसते. लाकडी माशाचा प्रसिद्ध नमुना फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये बुचापासून कोरला. जखमी मासळीसारखी त्याची डुगडुगती चाल हीच त्याची ताकद. पावसाळ्यातील गढूळ पाण्यात रंगापेक्षा आवाज आणि लाटा उपयोगी, आणि तिथे काळा बेडूक उठून दिसतो. उन्हाळ्यात पाणी ओसरून गाळपेरीची जमीन उघडी पडते, तेव्हा उरलेल्या डबक्यांत मरळ एकवटते. या काळात ती सहज हाती लागते, म्हणूनच संयमाची खरी गरज तेव्हा असते.

पावसाळ्यात मरळ वनस्पतींत घरटे करते आणि पिल्लांची राखण करते. पृष्ठभागाजवळ लालसर पिल्लांचा घोळका दिसला की खाली पालक असतातच. ते भुकेने नव्हे, राखणीच्या त्वेषाने आमिषावर धावतात, आणि पालक गेला की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. अशा घोळक्यावर आमिष टाकणे हा शिकारीचा सर्वांत हीन प्रकार होय. गळाला जिवंत बेंडकुळी टोचण्याची जुनी रीतही सोडावी. शेतातील किडे खाणाऱ्या बेडकांची घटती संख्या पाहून भारताने १९८७ मध्ये त्यांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली होती. रबरी बेडूक तेच काम जीव न घेता करतो.

जलाशय बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात आणि भोई कुटुंबांची चूल त्यावर पेटते. हौशी मासेमारांनी काठावर उतरण्याआधी संस्थेची परवानगी घ्यावी, त्यांच्या जाळ्यांपासून दूर राहावे आणि तुटलेली दोरी पाण्यात न टाकता सोबत न्यावी.