दोन स्वप्नं आणि एक रेघ

रात्रीचे ३ वाजलेत. ऑस्ट्रियातलं ग्राट्स शहर, ईस्टरचे दिवस. पंचेचाळिशी ओलांडलेला एक माणूस तुमच्या पुढून भराभर विद्यापीठाकडे निघालाय. त्याच्या मागोमाग चला. हे ओटो लोवी, औषधशास्त्राचे प्राध्यापक. काल रात्रीही ते असेच दचकून उठले होते. झोपेत एक प्रयोग सुचला, तो त्यांनी चिठोऱ्यावर खरडला आणि पुन्हा आडवे झाले. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दिवस नुसता तगमगीत गेला. आज तीच कल्पना पुन्हा आली, आणि आज त्यांनी कागदावर भरवसा ठेवलेला नाही.

प्रयोगशाळेत दिवा लागतो. बेडकाची दोन हृदयं मिठाच्या द्रावणात धडधडताहेत, शरीराबाहेर. पहिल्याला व्हेगस ही चेता अजून जोडलेली आहे, दुसऱ्याला एकही चेता नाही. लोवी व्हेगसला विजेचे हलके धक्के देतात. पहिलं हृदय मंदावतं. यात नवल नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आता त्या हृदयातलं द्रावण ते काढून घेतात आणि दुसऱ्यात सोडतात. श्वास धरून बघा. दुसरं हृदयही मंदावतं. त्याला कुणी हात लावलेला नाही, त्याच्याकडे निरोप आणणारी तारच नाही. तरी निरोप पोचला. म्हणजे तो द्रावणातून आला.

लोवींचा निबंध १९२१ साली छापून येतो. त्या द्रव्याला ते व्हेगसश्टोफ म्हणतात. पुढे ते ॲसिटिलकोलीन ठरतं. १९३६ चं नोबेल लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना मिळून मिळतं. त्यानंतर दोनच वर्षांनी नाझी लोवींना ग्राट्समध्ये अटक करतात, आणि देश सोडण्याआधी नोबेलची रक्कम त्यांच्याकडून काढून घेतात.

पण हृदय वेगळं आणि मेंदू वेगळा. मेंदूतही निरोप रसायनानेच जातो का, ही शंका समजून घ्यायची तर आणखी मागे जावं लागेल, १८८८ च्या बार्सिलोनात. सांतियागो रामोन इ काहाल सूक्ष्मदर्शकावर वाकलेत. डोळा लावून बघा: पिवळसर पार्श्वभूमीवर काळ्याभोर पेशी, फांद्या न् मुळं पसरलेल्या. पक्ष्याच्या छोट्या मेंदूचा हा पातळ काप आहे. इटलीच्या कामिल्लो गोल्जींनी १८७३ साली शोधलेल्या चांदीच्या क्षाराच्या रीतीने तो रंगवलाय. तिच्यात थोड्याच पेशी रंगतात, पण ज्या रंगतात त्या अथपासून इतिपर्यंत. गोल्जींना त्यात एकसंध जाळं दिसायचं. काहालना दिसतं की एका पेशीचे तंतू दुसरीला वेढून बसतात, अगदी खेटून बसतात, पण तिच्यात मिसळत नाहीत. मध्ये सांधा आहे. इंग्लंडचे चार्ल्स शेरिंग्टन १८९७ साली त्याला सिनॅप्स हे नाव देतात; आपण चेतासंधी म्हणू. एका बाजूची वीज या सांध्याच्या पलीकडे जाते कशी, हा प्रश्न पुढची साठेक वर्षं माणसांची झोप घालवणार आहे.

या शेरिंग्टन यांच्याच हाताखाली ऑक्सफर्डला शिकलेला ऑस्ट्रेलियन म्हणजे जॉन एकल्स. तिशीतला, उंच आवाजाचा, माघार न घेणारा. १९३५ च्या सुमाराला फिजिओलॉजिकल सोसायटीच्या बैठकीत मागच्या बाकावर बसून घ्या. एकल्स आणि डेल यांची जुंपलेली असते, आणि बैठक संपली की दोघं एकमेकांना स्नेहाची पत्रं लिहितात. डेल यांचा पक्ष रसायनाचा, एकल्स यांचा विजेचा. शास्त्रज्ञ आपसांत त्यांना सूपवाले आणि ठिणगीवाले म्हणतात.

एकल्स यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. हृदय सेकंदांच्या हिशेबात चालतं. मज्जारज्जूत मात्र एका पेशीचा निरोप दुसरीला लागू व्हायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. एवढ्यात रसायन सुटणार कधी, पलीकडे पोचणार कधी आणि नाहीसं होणार कधी? त्या काळी उपलब्ध असलेल्या पुराव्यावर तुम्ही-आम्हीही कदाचित त्यांच्याच बाजूला बसलो असतो.

सगळ्यात अवघड गाठ होती निरोधाची. गुडघ्याखाली डॉक्टरांनी हातोडी मारली की पाय उडतो. मांडीचा पुढचा स्नायू आखडतो. त्याच क्षणी मागचा स्नायू सैल पडतो. त्याला कुणीतरी ‘थांब’ म्हटलेलं असतं. पेशीला विजेने चेतवता येईल हे समजतं. पण त्याच विजेने तिला गप्प कसं करायचं?

१९४७, न्यूझीलंडचं डनीडिन. एकल्स इथल्या ओटागो विद्यापीठात प्राध्यापक आहेत. त्यांनाही एका रात्री स्वप्न पडतं, आणि त्यात या गाठीचं उत्तर असतं: मध्ये एक आखूड तंतूची पेशी असेल, तिच्या विजेचा प्रवाह पुढच्या पेशीत उलट्या दिशेने वाहत असेल, म्हणून ती गप्प होते. जाग येताच त्यांना लोवींचा वाचता न आलेला चिठोरा आठवतो. ते तासभर स्वतःला जागं ठेवतात, स्वप्नाचा एकेक तपशील मनात घोळवतात, मगच झोपतात. त्याच वर्षी हा सिद्धांत ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध होतो. देखणा सिद्धांत आहे. नाझींपासून दूर न्यूझीलंडमध्ये आलेले तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी एकल्सना आधीच सांगून ठेवलंय की आपला तर्क इतका धारदार करा, की तो खोटा असेल तर एका घावात खोटा ठरावा. एकल्स यांनी ते मनावर घेतलंय.

आता १९५१ चा ऑगस्ट. दक्षिण गोलार्धातली थंडी आहे, डगला घट्ट लपेटून आत या. यंत्रं एकल्स यांचे सहकारी जॅक कूम्ब्स यांनी उभी केलीत. बाजूला लॉरेन्स ब्रॉक. मेजावर एक मांजर आहे, बार्बिट्युरेटच्या गाढ गुंगीत. कमरेजवळचा मज्जारज्जू उघडा केलाय. तुम्हाला बघवत नसेल तर मान वळवा, पण ती इथे आहे हे विसरू नका. या विद्येचा मोठा भाग अशा मुक्या जिवांच्या अंगावरून आलेला आहे आणि ते ऋण कुठल्याही निबंधाच्या शेवटी पुरेसं मांडलं जात नाही.

ब्रॉक यांच्या हातातली काचेची नळी एका टोकाला इतकी बारीक ओढलीय की टोक मायक्रॉनच्या अर्ध्याच्या आसपास आहे, केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहून कमी. आत पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण. ही सुई मज्जारज्जूत उतरत जाते, कणाकणाने, काही दिसत नसताना. पडद्यावरची रेघ शांत आहे. उतरत जाते. आणि एकदम रेघ धाडकन खाली येते, उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास. सुई पेशीत शिरली. स्नायूला हुकूम देणाऱ्या एका जिवंत चेतापेशीच्या पोटात तुम्ही आता कान लावून बसला आहात. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या पेशीला असं आतून ऐकणारी ही पहिली माणसं.

आधी चेतवणारा निरोप पाठवतात. रेघ हलके वर चढते, शून्याकडे. पुरेशी चढली की पेशी पेटते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात एक उंच सुळका उमटून जातो. अपेक्षेप्रमाणे.

आता निरोधक निरोप. विरुद्ध स्नायूकडून येणाऱ्या तंतूंना धक्का द्यायचा. एकल्स यांचं स्वप्न खरं असेल तर रेघ वर जायला हवी. खाली गेली तर पेशीच्या पडद्यावर स्वतंत्रपणे काहीतरी घडतंय, आणि ते फक्त रसायन घडवू शकतं. दोन शक्यता, मधली वाट नाही.

रेघ खाली जाते.

काही मिलिव्होल्टच. पुन्हा धक्का, पुन्हा खाली. इतक्या वर्षांचा वाद, बैठकांमधली खडाजंगी, ते तासभर जागून जपलेलं स्वप्न, सगळं त्या खाली गेलेल्या रेघेत संपलेलं आहे. एकल्स यांच्याकडे बघा. हा माणूस पळवाट शोधत नाही. तो लगेच निरोधाचा रासायनिक खुलासा स्वीकारतो, १९५२ च्या निबंधात तो मांडतो, डेलना कळवतो आणि सूपवाल्यांच्या पंगतीत जाऊन बसतो. माझ्या लेखी विज्ञानाच्या इतिहासात प्रतिभेचे क्षण पुष्कळ आहेत. स्वतःच्या प्रतिभेला इतक्या तत्परतेने निरोप दिल्याचे क्षण फार थोडे.

त्या सांध्यात नेमकं काय घडलं, हे १९५१ साली कुणालाच बघता येत नाही. तुम्हाला येतं, कारण तुम्ही पुढच्या काळातून आलात. लहान व्हा, आणखी लहान. तंतूच्या फुगीर टोकाशी उभे राहा. समोरची पेशी २० नॅनोमीटरवर आहे. १९५०च्या दशकाच्या मध्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने प्रथमच दाखवलेली ही फट. विजेची लाट येऊन थडकते. भिंतीतली दारं उघडतात आणि कॅल्शियम आत घुसतं. द्रव्याने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या कडेला चिकटतात, फुटतात, हजारो रेणू फटीत सांडतात. अंतरच इतकं कमी की पलीकडे पोचायला वेळ असा लागतच नाही. एकल्स यांच्या जुन्या शंकेचं हे उत्तर. मज्जारज्जूत ‘थांब’ म्हणणारा रेणू बहुतेकदा ग्लायसीन असतो. तो पलीकडच्या पेशीवरच्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) बसतो, क्लोराइडची वाट खुली होते, ऋण भार आत येतो. रेघ खाली गेली ती यामुळे.

हा ‘थांब’ नसता तर काय झालं असतं, ते बघायला कोकणात या. काजऱ्याचं झाड इथे कुणाला अनोळखी नाही, आणि त्याच्या चपट्या गोल बियांना गुरंसुद्धा का टाळतात हेही नाही. त्या बीत स्ट्रिक्नीन आहे. ते ग्लायसीनच्या ग्राहकावर ठाण मांडून बसतं, त्यामुळे ‘थांब’ सांगितलं जातं पण ऐकू येत नाही. धनुर्वातात उलटं होतं. जखमेतल्या जंतूंचं विष चेतातंतूंवरून चढत मज्जारज्जूत पोचतं आणि निरोधक पेशींच्या पिशव्या फुटूच देत नाही. ‘थांब’ सांगितलंच जात नाही. शेवट मात्र एकच. जबडा मिटतो, पाठ कमानीसारखी वाकते, पुढचे-मागचे स्नायू एकाच वेळी आखडतात. धनुर्वाताच्या खोलीत जुने डॉक्टर अंधार आणि शांतता का राखायचे ते आता कळेल: दार वाजलं तरी आचका यायचा. शरीरभर धावणाऱ्या निरोपांना आवर घालणारंच कुणी उरलेलं नसायचं. आपण सहज उठतो-बसतो, पेला ओठांपर्यंत नेतो, त्यात चेतवण्याइतकंच काम रोखण्याचं असतं. ते होत असताना कधी जाणवत नाही.

एकल्स पुढे कॅनबेराला गेले, आणि या दोन्ही विषांवर त्यांच्याच गटाने काम केलं. १९६३ चं नोबेल त्यांना हॉजकिन आणि हक्सली या दोन शास्त्रज्ञांसोबत मिळालं.

अजून एक थांबा घ्या: लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज, १९५७. बर्नार्ड काट्झ इथे विभाग चालवतात. स्नायूला चेतेकडून मिळणारं द्रव्य ठरावीक आकाराच्या पुड्यांनी सुटतं, हे दाखवणारे तेच. त्यांच्या विभागात एडविन फर्शपान आणि डेव्हिड पॉटर गोड्या पाण्यातल्या झिंग्याच्या जातीच्या एका प्राण्यावर काम करताहेत. शेपटी फटकारून पळ काढायला त्याला मदत करणाऱ्या मोठ्या तंतूंमधला एक सांधा ते तपासतात. इथे पिशव्यांची वाट बघितलीच जात नाही. वीज एका पेशीतून दुसरीत थेट उतरते, जवळपास विलंबाशिवाय, आणि एकाच दिशेने. वादाचा निकाल लागला असं मानून सगळे सूपवाले झाल्यावर ठिणगी सापडते आहे. पुढच्या दशकांत असे विजेचे सांधे सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही मिळाले. संख्येने ते रासायनिक सांध्यांपुढे फार कमी आहेत, पण जिथे पेशींच्या गटाला एकदम, एका ठेक्यात पेटायचं असतं तिथे नेमके तेच आढळतात.