टोप पदराचा सांधा

पोशाखाच्या इतिहासात ‘पुनरागमन’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. आजीच्या पेटीतल्या लुगड्याचा काठ नातीच्या कुर्त्यावर दिसला, की परंपरा परतली असे मानण्याची रीत आहे. परतते ते नेमके काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. गेल्या काही दशकांत इरकल आणि खण या दोन वस्त्रांना बेंगळुरूसारख्या महानगरात जी नवी प्रतिष्ठा लाभली, तिच्या निमित्ताने तो विचारणे अगत्याचे आहे.

बेंगळुरूचे कापडाशी असलेले नाते जुने आहे. केंपेगौडाने वसविलेल्या पेठांपैकी अरळेपेटेच्या नावातच कापूस आहे. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने हे ठाणे जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे निरनिराळ्या काळी येथे स्थिरावलेल्या मराठी भाषकांत रंगकाम व शिंपीकाम हा परंपरागत व्यवसाय असलेले भावसार क्षत्रियही होते. साहजिकच बागलकोट जिल्ह्यातील इळकलचे लुगडे आणि त्याच जिल्ह्यातील गुळेदगुड्डचा खण यांना या शहरात कानडी व मराठी असे दोन्हीकडचे जाणकार लाभले. इळकलचे ‘इरकल’ मराठीने केले. वस्त्रात मात्र काही बदलावे लागले नाही.

इरकलीचे मर्म तिच्या रंगात नाही; चंद्रकळेचा काळा आणि डाळिंबी तांबडा इतरत्रही आढळतो. ते आहे तिच्या सांध्यात. अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा. हे दोन्ही ताणे मागावरच फासे गुंतवून एकमेकांत अडकवले जातात. कानडी विणकर याला ‘टोपी तेणी’ म्हणतात, मराठी बायका ‘टोप पदर’. या पद्धतीमुळे प्रत्येक लुगड्याचा ताणा स्वतंत्रपणे तयार करावा लागतो. लांबच लांब ताणा चढवून एकामागून एक साड्या कापून काढण्याची सोय येथे नाही. तांबड्या पदरावरील पांढऱ्या आकृत्यांत फणी आहे, किल्ल्याचा तट आहे, जोंधळ्याचे कणीसही आहे. शेतकरी बाईचा दिनक्रम आणि मुलखाचा इतिहास असा एका पदरावर आला आहे.

खणाची गोष्ट याहून बोलकी आहे. खणाचा पन्हा अरुंद, कारण एका खणात एक चोळी बसवायची असे. काठ दंडावर कोठे येईल, याचा हिशेब विणतानाच झालेला असे. गाठीची चोळी जाऊन गुंड्यांचे पोलके आले तेव्हा तो हिशेब विस्कटला, आणि खण पुष्कळसा ओटीपुरता उरला. आता तोच खण सहावारी साडी होऊन परतला आहे! त्यासाठी रुंद माग हवा. म्हणजे ज्याच्या अरुंद मागावर खण जन्मला, त्या विणकराला या पुनरागमनात जागा आपोआप मिळत नाही.

तथापि ‘शुद्ध’ जुन्याचा कैवार घेणेही इतिहासाला धरून होणार नाही. इळकलच्या मागांवर 1930 च्या दशकातच कृत्रिम रेशीम आले होते. आज जिला आजीची इरकल म्हणतात, ती अनेकदा त्या काळातली नवी फॅशन असते.

बेंगळुरूत चिमी नंजप्पा आणि त्यांच्या कन्या पवित्रा मुद्दय्या यांनी 1974 मध्ये सुरू केलेल्या ‘विमोर’चे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. जुन्या साड्या हाती घेऊन त्यांची वीण वाचायची आणि हातमागावरील विणकराकडून ती पुन्हा विणवून घ्यायची, ही त्यांची पद्धत. येथे जुने वस्त्र नक्षीचा साठा म्हणून वापरलेले नाही. एखादा विद्वान पोथीची प्रत सिद्ध करतो, तशा निष्ठेने ते अभ्यासलेले आहे. (साहित्याच्या अभ्यासकाला ही उपमा परकी वाटू नये.)

गजेंद्रगडच्या ‘पट्टेद अंचू’ या चौकटींच्या, रुंद काठाच्या सुती लुगड्याचे प्रकरण अधिक अवघड आहे. सौंदत्तीच्या यल्लम्मेला वाहिले जाणारे, देवदासींच्या अंगावर असणारे हे वस्त्र जवळजवळ लोपले होते. हेमलता जैन यांच्या प्रयत्नाने ते पुन्हा मागावर आले आणि शहरी स्त्रियांच्या पसंतीस उतरले. विणकराला काम मिळाले, हे मोलाचेच. परंतु जिच्या अंगावर ते लुगडे एका लादलेल्या आयुष्याची खूण होते, तिचा उल्लेख दुकानातील चिठ्ठीवर कितपत असतो? काठ टिकला आणि त्याचा अर्थ धुऊन निघाला, तर उरते ती केवळ सुबक नक्षी.

यंत्रमागावरील नकलेत टोप पदराचा सांधा बहुधा गाळला जातो. रंग तेवढा बदलतो. गिऱ्हाइकाच्या ते सहसा ध्यानात येत नाही. इळकलचा हातमागावरील विणकर मात्र अजूनही अंगाचा फासा पदराच्या फाशात हातानेच अडकवतो, आणि एक लुगडे उतरले की पुढच्याचा ताणा नव्याने मांडायला बसतो.