नाणेघाटातील अंक आणि गणिताचा शिक्षक

जुन्नरच्या पश्चिमेस, पठार संपून कोकणाचा उतार लागतो तेथे नाणेघाट आहे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे. विद्वान तो बहुधा इ. स. पूर्व पहिल्या शतकातील मानतात. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची ती मोजदाद होय: इतक्या गाई, इतके घोडे, इतके कार्षापण. इतिहाससंशोधक त्यात राजवंश शोधतात. गणिताच्या शिक्षकाने तो पाहावा तो त्यातील अंकांसाठी. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्या अंकांचा अभ्यास केला, तेव्हा भारतातील अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी एक उजेडात आला.

ह्या लेखात २४,४०० ही संख्या येते. आपण ती पाच अंकांनी लिहितो. कोरणाराने ती तीन चिन्हांत उरकली. वीस हजारांचे एक, चार हजारांचे एक, चारशेंचे एक. शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. चिन्हांची बेरीज घ्यावी, की संख्या सिद्ध झाली. ह्या रीतीने दान नोंदविता येते, गुणाकार मांडणे मात्र कठीण. स्थानमूल्य व शून्य रूढ होण्यास त्यानंतर कित्येक शतके जावी लागली.

आता जुन्नरला लागूनच असलेल्या आंबेगाव तालुक्यातील एखाद्या डोंगराळ गावची शाळा डोळ्यांपुढे आणावी. गुरुजी 'एकशे पाच' म्हणतात आणि मूल पाटीवर १००५ लिहिते. आधी शंभर, मग पाच. ऐकले तसे लिहिले. जुन्या पंतोजीने येथे छडी उचलली असती. परंतु ह्या मुलाने केले तरी काय? नाणेघाटच्या कारागिराची रीतच त्याने आपल्या बुद्धीने पुन्हा शोधून काढली! जी पायरी चढावयास मनुष्यजातीस शतके लागली, ती त्याने एका सकाळी चढावी अशी आपली अपेक्षा असते.

ही दृष्टी शिक्षकास कोणी द्यावी? पंतोजीस पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, अडीचकी मुखोद्गत असे, आणि तो हिशेबात सहसा चुकत नसे. मात्र मूल का चुकते, हा प्रश्न त्या परंपरेत फारसा उद्भवला नाही. पुढे मुंबईच्या हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळीने जॉर्ज जर्व्हिस यांच्याकडून गणिताची पुस्तके मराठीत आणविली, आणि १८२६च्या सुमारास चोवीस शिक्षक तयार करून जिल्ह्याजिल्ह्यांत धाडले. १८४५ साली शिक्षक घडविण्याच्या नॉर्मल वर्गाची सूत्रे बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. 'शून्यलब्धि' लिहिणारा गणिती शिक्षकांचा गुरू व्हावा, हा योग दुर्मिळच. पण दुसऱ्याच वर्षी बाळशास्त्री वारले. गणिताचा जाणकार आणि अध्यापनाचा जाणकार हे एकाच माणसात एकत्र आलेले पुढे क्वचितच दिसले, असे मला वाटते.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीस 'वीस एक' असे वाचन सुचविले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठी टिंगल झाली. विषयसमितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर ह्या स्वतः गणिती होत्या. 'चोवीस' ऐकून ४२ लिहिणाऱ्या मुलाची अडचण त्यांना दिसली होती. उपाय सर्वांस मानवला नाही, हे एक वेळ समजू शकते. परंतु ती अडचण रोज ज्यांच्या दृष्टीस पडते त्या प्राथमिक शिक्षकांचे म्हणणे त्या गदारोळात कितीसे ऐकू आले?

जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांसाठी केंद्राकेंद्रांतून शिक्षण परिषदा भरतात. जुन्नर आणि आंबेगावच्या शिक्षकांनी पावसाळा सरल्यावर अशी एखादी परिषद नाणेघाटात भरवावी. येताना भाषणे आणू नयेत. मुलांच्या वह्या आणाव्यात, त्यांतील १००५ आणि ४२ तसेच्या तसे ठेवून. लेख पुष्कळ झिजला आहे, म्हणून उन्हे तिरपी असताना जाणे बरे. अंक तेव्हा अधिक स्पष्ट दिसतात.