तापीकाठावरून इजिप्त

सुरत म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहतात ती १६६४ आणि १६७० ही दोन साले. शिवछत्रपतींचे घोडदळ, मोगलांची श्रीमंत पेठ आणि व्यापाऱ्यांची उडालेली तारांबळ. त्यानंतर आठवतात ते यंत्रमाग, हिऱ्यांचे कारखाने आणि पोटासाठी धुळे, नंदुरबार, जळगावकडून भुसावळ-सुरत गाडीत बसलेली आपली माणसे. इजिप्त मात्र कोणालाच आठवत नाही. आठवण्याचे कारणही दिसत नाही. तरीही सुरतेतल्या मराठी मुलांना इतिहास शिकविताना मला असे वाटू लागले आहे की, नाईलचा इतिहास तापीच्या काठावर उभे राहून वाचला, तर तो अधिक नीट कळतो; आणि तापीचाही.

प्रथम थोडे राजांविषयी. इ. स. पूर्व ३१०० च्या सुमारास नार्मर नावाच्या राजाने नाईलच्या वरच्या व खालच्या खोऱ्याची दोन राज्ये एक केली, असे मानले जाते. तेथून पुढे सुमारे तीन हजार वर्षे फॅरोंची परंपरा चालली. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील मॅनेथो या इजिप्शियन पुरोहिताने ग्रीक भाषेत आपल्या देशाचा इतिहास लिहिताना राजांची घराण्यांनुसार मांडणी केली. संशोधक आजही तीच चौकट वापरतात. जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड, त्याचा रचनाकार इम्होतेप, मागाहून खुफूचा १४६ मीटर उंचीचा महाकाय पिरॅमिड, हे सारे जुन्या राज्यातले. नव्या राज्यात हातशेपसुत ही स्त्री स्वतः फॅरो म्हणून सिंहासनावर बसली. आखेनातेनने अनेक देव बाजूला सारून एका सूर्यबिंबाची उपासना लादली आणि त्याच्या मृत्यूनंतर लोक पुन्हा आपल्या जुन्या देवांकडे वळले. दुसरा रॅमसिस सहासष्ट वर्षे राज्य करून इ. स. पूर्व १२१३ मध्ये वारला. त्याच्या ममीच्या नाकपुड्यांत काळी मिरी आढळली. मिरी ही दक्षिण भारतातली वस्तू. ती तेथवर कोणाकोणाच्या हातांतून गेली असेल, याची कल्पनाच करावी.

खुफूचा पिरॅमिड उभा राहिल्यानंतर काही शतकांनी आपल्या तापीच्या खोऱ्यात सावळदा संस्कृतीची माणसे मातीची रंगविलेली भांडी घडवीत होती. नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशे येथे १९५४-५५ साली झालेल्या उत्खननाने या खोऱ्यातील जुन्या वस्तीचे थर उजेडात आणले. तेथे पिरॅमिड नाही, राजाचे नाव नाही. परंतु नदी, गाळ, शेती आणि मडके ही संस्कृतीची पहिली अक्षरे दोन्हीकडे सारखीच आहेत.

हृदयाचा तराजू

इजिप्शियनांचा धर्म म्हणजे केवळ पशुमुखी देवांची गर्दी, हा समज खरा नव्हे. ओसायरिसला त्याचा भाऊ सेत मारतो, पत्नी इसिस त्याला पुन्हा उभा करते, आणि तो परलोकाचा राजा होतो. पुत्र होरस इहलोकाचे राज्य सांभाळतो. प्रत्येक जिवंत फॅरो हा होरस आणि मृत फॅरो हा ओसायरिस. या साऱ्यावर अधिष्ठान होते ते ‘मात’ या तत्त्वाचे. मात म्हणजे सत्य, न्याय आणि सृष्टीची घडी. आपल्या ‘ऋत’ या कल्पनेशी तिचे जवळचे साम्य वाटते.

मृत्यूनंतर माणसाचे हृदय तराजूच्या एका पारड्यात आणि मातचे पीस दुसऱ्या पारड्यात ठेवले जाई. थॉथ हा देव निकाल लिहून घेई. मृताने आपण कोणकोणती पापे केली नाहीत ते तेथे सांगावयाचे असे. मी माप मारले नाही, तराजूत खोट केली नाही, याबरोबरच आणखी एक गोष्ट त्या यादीत येते. मी ऋतूचे पाणी अडविले नाही, वाहत्या पाण्याला बांध घातला नाही, असेही त्याला सांगावे लागे. एकाच नदीवर जगणाऱ्या समाजात दुसऱ्याचे पाणी तोडणे हे महापाप होते. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

आषाढातली गलबते

इ. स. पूर्व ३३२ मध्ये अलेक्झांडरने इजिप्त घेतला आणि त्याच्यामागून टॉलेमी घराणे गादीवर आले. हे राजे ग्रीक. पण देवळांच्या भिंतींवर त्यांनी स्वतःला फॅरोच्या वेशात कोरून घेतले. दुसऱ्या टॉलेमीने तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर बेरेनिके हे बंदर वसविले आणि त्याला आपल्या आईचे नाव दिले. इ. स. पूर्व ३० मध्ये क्लिओपात्राबरोबर हे घराणे संपले, इजिप्त रोमचा प्रांत झाला आणि हिंदुस्थानचा व्यापार भरास आला. या काळात एका बंदरातून वर्षाला एकशेवीस जहाजे हिंदुस्थानकडे निघत, असे स्ट्रॅबो सांगतो.

इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्यात तो जहाजे सुटण्याचे महिने इजिप्शियन नावांनीही देतो. बारिगाझा म्हणजे भडोचला जाणाऱ्यांनी एपिफी महिन्यात, म्हणजे जुलैत निघावे, असे तो सांगतो. हा आपला आषाढाचा सुमार. याच दिवसांत इथिओपियाच्या डोंगरांत कोसळणारा पाऊस नाईलला पूर आणी, आणि याच दिवसांतले नैर्ऋत्य वारे शिडांत भरून जहाजे आपल्या किनाऱ्याला लागत. एकाच पावसाळ्याने तिकडचे शेत भिजविले आणि इकडचा बाजार भरविला.

भडोचच्या आखाताच्या तोंडाशी त्याने काम्मोनी नावाच्या गावाचा उल्लेख केला आहे. सुरतेजवळ तापीकाठी असलेले कामरेज ते हेच, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. भरती-ओहोटीचा जोर एवढा असे की, राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन पुढे येत आणि परदेशी जहाजांना वाट दाखवीत. मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळी, काच आणि सोन्या-चांदीची नाणी उतरत. हस्तिदंत, अकीक, पिंपळी आणि तऱ्हेतऱ्हेचे सुती कापड चढे. अकीक पैठणहून आणि कापड तगर म्हणजे तेरहून गाड्यांतून येई. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, असा हिशोबही तो देतो. म्हणजे महाराष्ट्रातला विणकर आणि नाईलकाठचा ग्राहक यांच्यामध्ये हा किनारा उभा होता. आज लिंबायत-उधन्यात माग चालविणारा खानदेशी माणूस ज्या वाटेने उतरला, तिचे वय एवढे जुने आहे.

या व्यापाराची दुसरी बाजू बेरेनिकेच्या वाळूत सापडली. तेथील सेरापिसच्या देवळाच्या आवारात भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. सागवानी लाकूड मिळाले. पश्चिमी क्षत्रपांचे एक चांदीचे नाणे आणि सातवाहनांची नाणी मिळाली. २०२२ साली इसिसच्या देवळात संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. त्याच देवळातून रोमन सम्राट फिलिपच्या काळातील संस्कृत लेखही मिळाला आहे. इसिसच्या अंगणात बुद्धाला जागा मिळाली. तिने काही हरकत घेतली नाही.

नाव कशाने राहते?

पेरिप्लसमध्ये भडोचच्या राजाचे जे नाव आहे ते क्षत्रप नहपानाचे, असे मानले जाते. त्याचा जावई उषवदात याचा लेख नाशिकच्या पांडवलेण्यात आहे. त्यात त्याने केलेल्या पुण्यकृत्यांची यादी येते. पार, दमण, तापी, डहाणू या नद्यांवर लोकांसाठी विनामूल्य नावा ठेवल्या आणि काठावर पाणपोया बांधल्या, असे तो सांगतो. खुफूने आपले नाव टिकावे म्हणून तेवीस लाख दगड रचविले. उषवदाताने वाटसरूला फुकट पलीकडे नेले. वर्गात मी ही दोन स्मारके शेजारी ठेवतो, आणि मोठे कोणते हे मुलांवर सोपवितो.

त्या प्रश्नाला एक पुरवणी आहे. नाईलवर १९७० मध्ये आस्वानचे उंच धरण पुरे झाले. रॅमसिसचे अबू सिंबेल येथील देऊळ बुडू नये म्हणून जगातील अनेक राष्ट्रांनी पैसा व विद्या उभी केली. १९६४ ते १९६८ या काळात डोंगर कापून ते देऊळ सुमारे पासष्ट मीटर वर नेऊन बसविले. मानवजातीच्या इतिहासातले ते एक थोर कार्य आहे. त्याच जलाशयाने हजारो न्यूबियन कुटुंबांची गावे गिळली. ती मात्र कोणी कापून वर नेली नाहीत. दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, तापीवर उकाईचे धरण पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली सोनगड-नवापूरच्या सीमेवरील आदिवासी गावे गेली. तेथे रॅमसिस नव्हता. गावदेव होते, वाघदेव होते, पुरलेले पूर्वज होते.

धरण नको होते, असे मी म्हणत नाही. त्या पाण्यावर शेते पिकतात, या शहराला पाणी मिळते. ऑगस्ट २००६ च्या पुरात त्याच नदीने सुरत बुडविली हेही खरे. परंतु वाहते पाणी अडविणाऱ्याला जाब द्यावा लागतो, एवढे त्या प्राचीन लोकांना कळले होते. ज्यांचे गाव गेले त्यांचा हिशोब पारड्यात कोणी घातला?

फिली बेटावरील देवळात २४ ऑगस्ट ३९४ रोजी कोरलेला लेख हा चित्रलिपीचा आपल्याला माहीत असलेला अखेरचा लेख. पुढे ती लिपी वाचणारा कोणी उरला नाही. १८२२ मध्ये शांपोल्यॉंने ती पुन्हा उलगडीपर्यंत चौदाशे वर्षे देवळांच्या भिंती मुक्या होत्या. दगड टिकला म्हणून निदान वाचता तरी आला. उकाईखालच्या गावांची नावे दगडावर नाहीत. ती सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. सीमेच्या अल्याड-पल्याडच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी ती आताच लिहून घ्यावीत. त्यासाठी शांपोल्यॉंची विद्वत्ता लागत नाही. एक वही, एक दिवाळीची सुटी आणि आजोबांशेजारी बसण्याची सवड एवढेच पुरे आहे.